डोसची गणितं ऑप्शनला टाकू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाचं शिक्षणाचं पान मी नेमाने वाचते. डॉक्टरकीच्या, इंजिनीअरिंगच्या, बँकांच्या, सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षांची तयारी कशी करावी यावर तिथे भरपूर येतं आणि ते चांगलंही असतं. फार्मसिस्टच्या परवाना परीक्षेबद्दल मात्र तिथे काही वाचल्याचं मला आठवत नाही. पदवी किंवा पदविका हातात पडल्यावर आणि औषध द्यायला स्वतंत्रपणे उभं राहण्याआधी अनेक देशांत ही परीक्षा द्यावी लागते. तिचं नाव आणि स्वरूप जागोजागी वेगळं असलं, तरी तपासायचं एकच असतं: या माणसाच्या हाती औषधांचं कपाट सोपवावं का? त्या परीक्षेच्या अभ्यासाविषयी आणि त्यात शिरलेल्या एका वाईट सवयीविषयी हे पत्र लिहिते आहे.

मी रुग्णालयाच्या औषध विभागातून निवृत्त झाले. आता परवाना परीक्षेला बसणारी काही मुलंमुली संध्याकाळी माझ्याकडे येतात. शिकवणी म्हणावी असं त्यात काही नाही. टेबलाभोवती बसायचं, एक प्रश्न घ्यायचा आणि तो पूर्ण उलगडेपर्यंत उठायचं नाही, एवढाच नियम. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारते, काय झालं आणि काय राहिलं. उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधं शरीरात काय करतात ते शास्त्र, दोनदा वाचून झाली, कायदा शेवटच्या आठवड्यात करू, गणितं ऑप्शनला टाकली. त्यामागचा हिशेबही तयार असतो. गणिताचा एक प्रश्न सोडवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पाठांतराचे तीन-चार प्रश्न हातावेगळे होतात, मग एका मार्कासाठी जीव कशाला आटवायचा? नुसतं पास होण्यापुरतं बघितलं तर हा हिशेब चुकीचा नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त खुपतं.

एक उदाहरण सविस्तर सांगते. सामान्य वाचकालाही ते कळेल.

मूल १२ किलोचं आहे, ताप आहे. पॅरासिटामॉल द्यायचं आहे, किलोमागे १५ मिलिग्रॅम. सिरपच्या बाटलीवर लिहिलंय, ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम. एका वेळेला किती मिलिलिटर? एका मुलीने हे गणित बघता बघता सोडवलं. १२ गुणिले १५ म्हणजे १८०. १२० ला ५, तर १८० ला साडेसात. उत्तर बरोबर. मी म्हटलं, आता फक्त बाटली बदल. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमवाली घे. तिने पुन्हा मांडलं: एका मिलिलिटरमध्ये ५०, म्हणून १८० साठी ३.६ मिलिलिटर. तेही बरोबर. मग मी विचारलं, "पहिल्या बाटलीची सवय असलेल्या आईने दुसरी बाटली नेली आणि नेहमीसारखं साडेसात दिलं, तर?"

ती थांबली. मग हळूहळू मांडू लागली. साडेसात मिलिलिटरमध्ये ३७५ मिलिग्रॅम. भागिले १२, म्हणजे किलोमागे ३१. दुपटीहून जास्त. दिवसातून चार वेळा दिलं तर १५०० मिलिग्रॅम, किलोमागे १२५. एरवी १५ चे चार डोस म्हणजे दिवसाला किलोमागे ६० होतात. असं दोन-तीन दिवस चाललं तर काय होईल? इथे तिने आपण होऊन फार्माकॉलॉजीचं पुस्तक ओढलं. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात एनएपीक्यूआय नावाच्या विषारी घटकात बदलतो, शरीरातलंच ग्लुटाथिऑन हे द्रव्य त्याला निकामी करतं, आणि ग्लुटाथिऑनचा साठा संपला की तो घटक यकृताच्या पेशींवरच उलटतो. त्यावरचा उतारा अ‍ॅसिटिलसिस्टीन, कारण तो हा साठा पुन्हा भरून काढतो. हे सगळं तिने आधी वाचलेलं होतं, दोनदा. पण त्या दिवशी त्या माहितीला पहिल्यांदा एक १२ किलोचं मूल मिळालं.

तिथेही आम्ही थांबलो नाही. साडेसात मिलिलिटर म्हणजे किती, हे आईला कसं सांगशील? "दीड चमचा," ती म्हणाली. कुठला चमचा? घरातले चमचे एका मापाचे नसतात. म्हणून बाटलीसोबतचं मापाचं झाकण किंवा तोंडावाटे औषध द्यायची सिरिंज दाखवायची, तिच्यावर पेनाने रेघ मारून द्यायची, आणि आईकडून एकदा भरून घ्यायची. दोन डोसांमध्ये किमान चार तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. घरात सर्दीचं दुसरं औषध आहे का ते विचारायचं, कारण त्यातही पॅरासिटामॉल असू शकतं. एका मार्काच्या गणितातून फार्माकॉलॉजी झाली, विषबाधा झाली, लेबल झालं, पेशंटशी बोलणं झालं. आणि हेच गणित ऑप्शनला टाकायचं म्हणतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की गणित हा या अभ्यासाचा शेवटचा धडा नसावा. तो पहिला असावा, आणि बाकीचे विषय त्याच्या बोटाला धरून यावेत.

मूत्रपिंडाचं गणित घ्या. ८० वर्षांच्या आजी, वजन ५० किलो, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून तयार होणारा आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, डेसिलिटरमागे १.२ मिलिग्रॅम. अहवाल वरवर वाचणाऱ्याला त्यात घाबरण्यासारखं काही दिसत नाही. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ मध्ये दिलेलं सूत्र इथे लागतं: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा, आणि पेशंट स्त्री असेल तर ०.८५ ने गुणा. ६० गुणिले ५० म्हणजे ३०००. भागिले ८६.४, म्हणजे ३४.७. गुणिले ०.८५, म्हणजे २९.५. हा झाला क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंड मिनिटाला किती मिलिलिटर रक्त साफ करतं त्याचा अंदाज. आता या आजींना रक्ताच्या गुठळीसाठी एनोक्झापॅरिनचं इंजेक्शन लिहिलं आहे असं समजा. एरवी ते किलोमागे १ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. क्लिअरन्स ३० च्या खाली गेला की तेवढंच, पण दिवसातून एकदाच. जो विद्यार्थी शेवटचं ०.८५ विसरला त्याचं उत्तर ३४.७ वर थांबतं, रेघेच्या वर राहतं, आणि आजींना दुप्पट औषध जातं.

माझ्याकडे येणाऱ्यांना हे सूत्र पाठ असतं. पण वयानुसार स्नायू कमी होतात, म्हणून क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं, म्हणून म्हाताऱ्या माणसाचा आकडा बरा दिसला तरी मूत्रपिंड थकलेलं असू शकतं, ही साखळी मात्र क्वचित कोणी मला आपण होऊन सांगतं. सूत्रात १४० मधून वय का वजा केलंय, याचा विचारच झालेला नसतो. तो विचार झाला की सूत्र विसरायला होत नाही.

शून्य आणि एकक यांबद्दल मी कडक आहे, आणि मुलं त्यावरून कुरकुरतात. दशांश चिन्हाआधी शून्य हवंच, नाहीतर .५ चं ५ वाचलं जातं. पूर्ण आकड्यापुढे दशांश आणि शून्य नको, नाहीतर १.० चं १० होतं. इन्सुलिनच्या चिठ्ठीवर युनिटसाठी नुसतं इंग्रजी यू अक्षर नको, कारण घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि १० युनिटचे १०० होतात. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिनची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते, ती मिलिग्रॅममध्ये लिहिली तर चूक हजार पटीची. कच्च्या कामाच्या कागदावरसुद्धा प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायचं, असा माझा आग्रह असतो. आणि कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी तोंडी अंदाज सांगायचा. अंदाज ४ चा आणि पडद्यावर ४० आले, तर माणूस थबकतो. अंदाजच केलेला नसेल तर ४० हेच उत्तर वाटतं.

हे वेड माझ्या एकटीचं नाही. ब्रिटनच्या नोंदणी परीक्षेत गणितांचा पेपरच वेगळा असतो: ४० प्रश्न, दोन तास. दुसऱ्या पेपरात कितीही मार्क पडले तरी या पेपरात वेगळं पास व्हावंच लागतं. म्हणजे तिथे गणित ऑप्शनला टाकायची सोयच ठेवलेली नाही. कॅनडात लेखी परीक्षेशिवाय प्रात्यक्षिकाचाही भाग आहे. त्यात पेशंटची भूमिका करणारी माणसं समोर येतात आणि उमेदवाराला त्यांच्याशी बोलून प्रश्न सोडवावा लागतो. जिथे परीक्षा नुसती पर्यायांवर खुणा करण्याची आहे, तिथे ही शिस्त उमेदवाराला स्वतःच स्वतःला लावून घ्यावी लागते. म्हणून तिथे ती जास्त गरजेची.

आता त्या "आलेल्या प्रश्नां"बद्दल. परीक्षा देऊन आलेले उमेदवार आठवतील तेवढे प्रश्न लिहून काढतात, ती यादी फोनवरून फिरते, आणि पुढच्या तुकडीचा अभ्यास म्हणजे ती यादी पाठ करणं. अनेक परीक्षांत उमेदवाराने प्रश्न बाहेर न सांगण्याचं मान्य केलेलं असतं, तरी हे चालतं. अमेरिकेत २००७ मध्ये परवाना परीक्षेतले प्रश्न एका उजळणी वर्गातून फुटल्याचं उघडकीला आलं आणि ती परीक्षा काही काळ थांबवावी लागली. वर्षभर अभ्यास केलेल्या, त्या प्रकाराशी काडीचाही संबंध नसलेल्या मुलांनी तोवर काय करायचं? मला अशा याद्यांचा संताप येतो. त्यात प्रश्न अर्धवट असतात, उत्तरं कोणी तपासलेली नसतात. आणि पास झालेला माणूस दुसऱ्या दिवशी चिठ्ठी हातात घेतो तेव्हा ती चिठ्ठी त्या यादीतली नसते.

पाठांतर मी हलकं मानत नाही. औषधांच्या नावांचं पाठांतर तर व्हायलाच हवं. पण त्यातही डोळे उघडे ठेवून पाठ करणं आणि मिटून पाठ करणं यात फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या आंतरराष्ट्रीय नावांची पहिली यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. एका जातीच्या औषधांना एक शेपूट, अशी त्या नावांची रीत आहे. शेवटी ओलोल आलं की हृदयाचे ठोके मंद करणारं बीटा ब्लॉकर, प्रिल आलं की रक्तदाब उतरवणारं एसीई इनहिबिटर, तशीच सार्टन, स्टॅटिन, ग्लिप्टिन वगैरे शेपटं. शेपटं पाठ केली की शेकडो औषधं एकदम आटोक्यात येतात, मुलांना ते फार आवडतं. पण प्राझोल म्हणजे अ‍ॅसिडिटीचं औषध हे डोक्यात पक्कं बसलं, की अ‍ॅरिपिप्राझोलवरही तीच खूण पडते. ते आहे मनोविकारावरचं औषध, त्याचा आम्लाशी काही संबंध नाही. क्लोरप्रोमाझिन आणि क्लोरप्रोपामाइड ही जोडी तर ऐकायलासुद्धा जुळी वाटते. पहिलं मनोविकारासाठी, दुसरं रक्तातली साखर खाली आणणारं. मनोविकाराच्या पेशंटच्या हातात दुसरं पडलं तर साखर उतरून तो बेशुद्ध होऊ शकतो. ओमेप्राझोल अमेरिकेत आधी लोसेक या नावाने विकलं जात होतं. लघवी वाढवणाऱ्या लॅसिक्सशी त्याचा गोंधळ होऊ लागला, म्हणून १९९० मध्ये नाव बदलून प्रिलोसेक करावं लागलं. अशा जोड्या आम्ही वहीच्या वेगळ्या पानावर लिहितो, आणि प्रत्येक जोडीपुढे एक ओळ: अदलाबदल झाली तर पेशंटचं काय होईल. ती ओळ लिहिता आली नाही तर ती जोडी झालेली नाही, असं मी धरते.

मेथोट्रेक्सेटचा प्रश्न जवळपास प्रत्येक प्रश्नसंचात असतो. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदा घ्यायचं. पर्यायात "साप्ताहिक" दिसलं की मुलं खूण करतात आणि पुढे जातात. मी म्हणते, लेबल लिही. पहिला प्रयत्न असतो "आठवड्यातून एकदा". कुठल्या दिवशी? पेशंटने ठरवलेला वार लेबलावर हवा, "दर सोमवारी, आठवड्यातून फक्त एकदा, रोज नाही". गोळ्या किती, तेही आकड्यात आणि अक्षरात. रोज घेतल्यामुळे माणसं दगावली आहेत, कारण अस्थिमज्जेत नव्या रक्तपेशी तयार होणंच बंद पडतं. मग पुढचा प्रश्न: याच पेशंटला लघवीच्या संसर्गासाठी ट्रायमेथोप्रिम लिहून आलं तर? रक्तपेशी तयार व्हायला फोलेट हे जीवनसत्त्व लागतं आणि दोन्ही औषधं त्याच्याच वाटेवर आडवी येतात, म्हणून चिठ्ठी बाजूला ठेवायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. फोनवर काय बोलणार तेही आम्ही म्हणून बघतो. डॉक्टरांना चूक दाखवायची भीती नव्या फार्मसिस्टच्या घशात अडकलेली असते. दोन वाक्यांत, आदराने, पण पर्यायासकट सांगता यायला हवं: "अमुक पेशंटला मेथोट्रेक्सेट चालू आहे, ट्रायमेथोप्रिमने रक्तपेशी कमी होण्याचा धोका आहे, दुसरं अँटिबायोटिक लिहून द्याल का?" परीक्षेत फोन नसतो. पण जो हे तोंडाने बोलला आहे त्याला त्या प्रश्नाचे चार पर्याय गोंधळात टाकत नाहीत, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

म्हणून आमचा बराचसा अभ्यास मोठ्याने चालतो. एक जण पेशंट, एक जण फार्मसिस्ट, तिसरा पुस्तक उघडून चूक धरणारा. पेशंट झालेल्याने वाटेल ते विचारायचं. "रक्त पातळ करायचं वॉरफरिन चालू आहे, बुरशीसाठी फ्लुकोनाझोल दिलंय, घेऊ ना?" फार्मसिस्टने आधी साध्या मराठीत उत्तर द्यायचं, की याने रक्त गरजेपेक्षा पातळ होईल, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू करू नका, हिरड्यांतून रक्त आलं किंवा शौचाला काळी झाली तर लगेच दाखवा. नंतर पुस्तकी भाषेत: फ्लुकोनाझोल सीवायपी२सी९ या एन्झाइमला अडवतं, वॉरफरिनचं विघटन मंदावतं, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, चढतो. पेपर इंग्रजीत असला तरी दोन्ही उत्तरं यायला हवीत. ज्याला पहिलं येत नाही त्याला दुसरं समजलेलं नसतं, तो ते नुसतं म्हणत असतो.

कायद्याच्या पेपरबद्दल थोडं. तो शेवटच्या आठवड्यासाठी ठेवतात, कारण कलमं आणि परिशिष्टं लवकर विसरतात म्हणे. कलमामागची गोष्ट माहीत नसेल तर विसरणारच. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात काढण्यासाठी ते डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं गेलं. चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. विषारी आहे का ते कोणी पाहिलं नाही, आणि ते पाहण्याची सक्ती करणारा कायदाही तेव्हा नव्हता. शंभरावर माणसं गेली, त्यात पुष्कळ मुलं होती. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवण्याची सक्ती करणारा कायदा तिथे झाला. आणि २०२२ मध्ये गाम्बियात मुलांच्या सिरपमध्ये पुन्हा तेच डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं, पुन्हा मुलं गेली. सिरपमध्ये वापरायच्या ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये त्याचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर जाऊ नये, ही मर्यादा मुलं फार्मास्युटिक्सच्या, म्हणजे औषधं बनवण्याच्या शास्त्राच्या, वहीत एक आकडा म्हणून लिहितात. मी त्यांना तो आकडा आणि ही दोन सालं एकाच पानावर लिहायला लावते. त्यानंतर त्या आकड्याची उजळणी करावी लागलेली मी पाहिली नाही.

घरच्यांनाही मला काही सांगायचं आहे. "औषधंच तर द्यायचीत, चिठ्ठीवर लिहिलेलंच असतं, त्याला एवढा काय अभ्यास?" हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने घरी ऐकलेलं असतं. नोकरी करून, लहान मूल सांभाळून अभ्यास करणाऱ्या मुली तर ते फार ऐकतात, आणि मग त्यांना स्वतःच्या अभ्यासाच्या वेळेची लाज वाटू लागते. चिठ्ठीवर लिहिलेलं बरोबर आहे का, हे बघणारं त्या पेशंटच्या वाटेवरचं शेवटचं माणूस म्हणजे फार्मसिस्ट. त्याच्यानंतर थेट पेशंटचं तोंड. आपल्या घरातली मुलगी त्या जागेवर उभं राहायची तयारी करत असेल तर तिला दोन तास दार लोटून बसू द्या. शक्य असेल तर संध्याकाळी तिच्यासमोर पेशंट होऊन बसा आणि प्रश्न विचारा. त्यासाठी तुम्हाला फार्मसी यायची गरज नाही. उलट येत नसेल तर उत्तमच, कारण खऱ्या पेशंटलाही ती येत नसते.

परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नये, संगणकावरची परीक्षा असेल तर पडद्यावरच्याच कॅल्क्युलेटरवर सराव करावा, हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. त्यावर मी जागा घालवत नाही.

संपादक महोदय, माझी विनंती आता स्पष्टपणे मांडते. आपल्या शिक्षणाच्या पानावर आठवड्याला फक्त एक चौकट द्यावी. तिच्यात औषधाच्या डोसचं एक गणित, आणि पुढच्या आठवड्यात त्याचं उत्तर, पायऱ्या आणि एककांसकट. उत्तराखाली दोन-तीन ओळी: हे औषध देताना पेशंटला काय सांगायचं. परवाना परीक्षेच्या उमेदवारांना त्याचा उपयोग होईलच, पण घरोघरच्या आयांना, म्हाताऱ्या आईवडिलांची औषधं सांभाळणाऱ्यांनाही होईल. गणितं मी लिहून देईन. छापायला देण्याआधी माझ्या दोन जुन्या सहकाऱ्यांकडून प्रत्येक आकडा तपासून घेईन. त्यासाठी मानधन नको.

पहिलं गणित सोबत देत आहे. उत्तर वेगळ्या कागदावर लिहून पाकिटात ठेवलं आहे, ते कृपया पुढच्या आठवड्यापर्यंत छापू नये.

मूल २० किलोचं. अमॉक्सिसिलिन द्यायचं आहे, दिवसाला किलोमागे ४५ मिलिग्रॅम, दोन डोसांत विभागून, १० दिवस. पावडरमध्ये पाणी घालून तयार होणाऱ्या सस्पेन्शनची १०० मिलिलिटरची बाटली आहे, ५ मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम. लेबलावर लिहिलंय, पाणी घातल्यापासून ७ दिवसांत वापरावे. एका वेळेला किती मिलिलिटर द्यायचं? एकूण किती बाटल्या लागतील? आणि आईला सांगा, कुठल्या बाटलीत कितव्या दिवशी पाणी घालायचं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त फार्मसिस्ट